थंडी साठवायची युक्ती

रहिमतपूर
२१ एप्रिल २०२५

सौ. चारुशीला हिस,

ज्ञानदाने तुला साताऱ्याच्या दवाखान्यातून परस्पर सांगलीला नेलं त्याला आठ दिवस झाले. फोन केला की ती म्हणते, "आई झोपली आहे, बाबा." दुपारी बाराला तू झोपत नाहीस. आपल्या मुलीला खोटं बोलता येत नाही, हे आपण तिच्या लहानपणापासून कौतुकाने सांगत आलो. असो. माझ्या फोनची मुदतही सोळा तारखेला संपली. रिचार्ज मारलेला नाही, कारण जिच्याशी बोलायचं ती फोनवर येत नाही. म्हणून पत्र.

कागद ओळखला असशील. उत्तरपत्रिकांच्या पुरवण्यांमधली कोरी पानं. मी निवृत्त झालो त्या साली शाळेने ती रद्दीत काढली होती. पाकीट एका लग्नपत्रिकेचं आहे, उलटवून चिकटवलं. ज्ञानदाला त्याची लाज वाटेल, तिला दाखवू नकोस.

इथे सगळं ठीक आहे. भिजवलेली डाळ सकाळी नऊला काळ्या डब्यात घालून गच्चीवर ठेवतो. साडेअकराला खाली आणतो तेव्हा ती अर्धी शिजलेली असते, कुकरच्या दोन शिट्ट्या वाचतात. भात एका शिट्टीनंतर गोधडीत गुंडाळतो. आंघोळीचं पाणी कढीपत्त्याला जातं. दात घासायची ट्यूब परवा कात्रीने उभी कापली, आत अजून चार दिवसांची पेस्ट होती. दगडाबाई भांड्यांना एक दिवसाआड येते, एकट्याची भांडी ती कितीशी असणार.

आता मुद्द्याचं. ज्ञानदाचा सगळा राग फ्रीजवर आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात, तू आत बेशुद्ध असताना, ती मला म्हणाली, "तुमच्या बंद-चालूमुळे आईचं इन्शुलिन खराब झालं. पाचशे साठ शुगर म्हणजे काय ते कळतं का तुम्हाला?" लोक बघत होते. मी तिला शांतपणे समजावून सांगितलं. फ्रीज आपण सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बंद ठेवतो हे खरं. पण तो उघडला नाही तर आतलं तापमान फार चढत नाही. मी प्रयोगशाळेतला थर्मामीटर आत ठेवून मोजलेलं आहे, भर उन्हाळ्यात सतरा अंशांच्या वर गेलं नाही. आणि इन्शुलिन पंचवीस अंशांपर्यंत महिनाभर टिकतं, हे बाटलीच्या कागदावरच छापलेलं असतं. तिने तिथल्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सर बरोबर सांगतायत."

हे तुला एवढ्यासाठी लिहिलं की फ्रीजमुळे तू गेली असशील तर ते कारण टिकत नाही. प्रकृती सांभाळ. ओवीला आजोबांचा पापा.

सुमंत

रहिमतपूर
४ मे २०२५

सौ. चारुशीला हिस,

उत्तर आलं नाही. पोस्टमन म्हणतो, सांगलीचं पत्र तीन दिवसांत पोचतं. म्हणजे तुला मिळालं.

अजहर येऊन गेला. शेजारी फ्रीजदुरुस्तीचं दुकान आणि आपला जुना विद्यार्थी, म्हणून फ्रीज बघायला मीच बोलावलं होतं. मागे कान लावून म्हणाला, "सर, फ्रीजला काय झालेलं न्हाई. पण रोज बंद-चालू करून तुमी त्याला लय दमवलाय. आणि हे थंडीचं बटण सातवर कशाला ठेवलंय?" मी त्याला सांगितलं की संध्याकाळी सहाला चालू केल्यावर सातवर ठेवायचं, म्हणजे रात्रभर थंडी साठते आणि दिवसा ती पुरते. खालीवर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या की आणखी पुरते. तो हसला आणि बटण तीनवर करून गेला. मी नंतर परत सातवर नेलं नाही. बिघडण्यासारखं आत काही नाहीच, दोन कैऱ्या आणि विरजण आहे.

दगडाबाई मात्र हल्ली फार प्रश्न विचारते. परवा भांडी घासता घासता म्हणाली, "सर, त्या दिवशी कचऱ्यात औषधाच्या भरलेल्या बाटल्या हुत्या. बाईंच्याच न्हवं? तुमी तर कापलेली ट्यूब बी टाकत न्हाई, मग त्या का टाकल्या?" मी म्हटलं मुदत संपली होती. ती म्हणाली, "व्हय का," आणि परत भांडी घासायला लागली.

काल गोधडीतला भात उघडताना कोरेगावची खोली आठवली. लग्नाला तीन महिने झाले होते, सिलिंडरचा नंबर लागायला महिना होता, आणि शेवटचा गॅस पुरवायची तुझी जिद्द. भाताचं पातेलं गोधडीत गुंडाळून तूच पलंगाखाली ठेवलंस. संध्याकाळी गावाकडचे भाऊसो आले ते त्याच पलंगावर बसले, आणि खालून वाफ आली. पाहुणे गेल्यावर आपण किती वेळ हसत होतो. डब्याला काळा रंगही तूच दिला होतास. हे सगळं माझ्या एकट्याचं खूळ होतं असं ज्ञानदा समजते. तिला कधी सांगशील तर बरं. तू कंटाळलीस कधी, ते मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

राहता राहिलं श्रीखंड. तू बोलत नाहीस ते त्यामुळे, असं मला वाटू लागलं आहे. डॉक्टरांनी विचारलं की शुगर एवढी चढायला काय झालं, काही गोड खाल्लं का. मी म्हणालो, पाडव्याला दोन वाट्या श्रीखंड झालं. त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. दोन हा माझा अंदाज होता, मी काही मोजत बसलो नव्हतो.

शुगर बघायच्या पट्ट्यांबद्दलही ज्ञानदा बोलली. आठवड्याला एक पट्टी हा नियम आपण दोघांनी मिळून केला होता. माझ्या आठवणीत तरी तसंच आहे.

सुमंत

रहिमतपूर
१६ मे २०२५

चारू,

काल संध्याकाळी अजहर फोन घेऊन घरी आला. ज्ञानदाचा होता. मंगळवारी सांगलीत, विश्रामबागेतल्या घरात तू ओट्यापाशी घामाने भिजून खाली बसलीस, शुगर अठ्ठेचाळीस होती, साखरेचं पाणी पाजून डॉक्टरकडे नेलं, हे तिने सांगितलं. मला कळवायचं म्हणून नव्हे. तुझी जुनी फाईल हवी होती तिला. म्हणाली, "डॉक्टरांना काही उलगडत नाहीये, बाबा. जुना डोस लागू पडत नव्हता म्हणून साताऱ्याच्या डॉक्टरांनी वाढवून दिला. आता वाढवलेला डोस जास्त होतोय. त्यात आई काही खात नाही. आंब्याची फोडसुद्धा नको म्हणते."

मी तिथे, अजहरसमोर, तिला खरं सांगितलं. पत्राने सांगितलं असतं तर तीन दिवस गेले असते. तिने तुला सांगितलं असेलच. तरी माझ्या हाताने लिहायला हवं.

जुना डोस लागू पडत होता, चारू. औषध लागू पडत नव्हतं.

पाडव्याच्या तीन दिवस आधीची गोष्ट. उन्हाळा सुरू झाला म्हणून मी बटण पहिल्यांदाच सातवर नेलं आणि पाण्याच्या आठ बाटल्या आत भरल्या. थंडी साठवायची युक्ती. तुझी चालू बाटली दारात होती, तिला काही झालं नाही. पण साताऱ्याच्या दुकानात सवलत मिळाली म्हणून मी चार बाटल्या एकदम आणल्या होत्या, त्यातल्या उरलेल्या तीन वरच्या फळीवर मागे, बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवल्या होत्या. पहाटे दूध काढताना बघितलं तर तिन्ही गोठलेल्या.

मी त्या हातात घेऊन बसलो. दहा-पंधरा मिनिटांत सुटल्या. हे औषध एरवी दुधासारखं पांढरं दिसतं, त्यात दह्यासारखे कण झाले होते. तू घेण्याआधी तळहातांमध्ये फिरवतेस तशा मी त्या फिरवल्या. बराच वेळ फिरवल्या. कण बारीक झाले, मग दिसेनासे झाले. बाटलीसोबतचा कागद काढून वाचला. गोठलेलं औषध वापरू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पंचवीस अंशांची ओळ मी व्हरांड्यात ज्ञानदाला पाठ म्हणून दाखवली ना, त्याच्याच खालची ओळ.

वाचून मी कागद घडी केला आणि बाटल्या परत ठेवल्या. दारातली बाटली संपल्यावर तू त्यातली एक काढलीस, तेव्हा मी पेपर वाचत होतो. बघितलं आणि वाचत राहिलो.

तीन बाटल्या टाकायच्या हे मला जमलं नाही. एवढंच असतं तरी मी तुला सांगू शकलो असतो. पण सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मी म्हणत होते, फ्रीजशी खेळू नका." तू दोन वर्षं म्हणत होतीस. ते मला ऐकायचं नव्हतं. वाटलं, थोडा जोर कमी झाला असेल, चालून जाईल.

नंतर तू तांबे भरभरून पाणी पिऊ लागलीस. पाय ओढत चालायचीस. मी म्हटलं ऊन आहे. तू म्हणालीस, "आज एक पट्टी जास्त लावून बघू का?" आणि मी म्हटलं सोमवारची सोमवारी लाव. तो नियम दोघांनी मिळून केला नव्हता. मी केला होता.

आठ एप्रिलला तू मला ओळखलं नाहीस. तुझे वडील समजून मला नानासो म्हणालीस आणि गाडीची वेळ विचारलीस. गाडीत तुझं डोकं मांडीवर होतं तेव्हाही मला बाटल्या आठवत होत्या. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "औषध उन्हात राहिलं, गोठलं, असं काही झालं का?" मी नाही म्हणालो. मग ते दुसरं कारण शोधू लागले, आणि ते मी त्यांना दिलं.

वाटी एकच होती. तीही तू अर्धी खाल्लीस आणि माझ्याकडे सरकवलीस. उरलेलं टाकायचं नाही म्हणून ती मीच संपवली.

राहिलेल्या दोन बाटल्या तू सांगलीला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी फेकल्या. त्या वेळी मात्र टाकवल्या.

अजहरने सगळं ऐकलं. त्याने फोन खिशात घातला. मग म्हणाला, "सर, जेवलाय का?" मी हो म्हणालो. तेही खरं नव्हतं.

डोस पूर्वीचाच करायला सांग. गोड सोडून इतर सगळं खा. आंब्याची एक फोड डॉक्टरांना विचारून खायला हरकत नसावी.

सुमंत

रहिमतपूर
२७ मे २०२५

चारू,

तुझा फोन आला तेव्हा अजहरच्या दुकानात दोन कॉम्प्रेसर चालू होते. तू जे बोललीस ते मी नीट ऐकलं की नाही, याची खात्री करायची आहे, म्हणून लिहून काढतो. चूक असेल तर दुरुस्त कर.

तू म्हणालीस, "बाटल्यांचं मी समजू शकते. तुमच्या हातून वस्तू टाकली जात नाही, ते मला लग्नापासून माहीत आहे. मला एकच सांगा. श्रीखंडाचं नाव का घेतलंत?"

मी म्हटलं, "चूक तुझी ठरली की मी सुटत होतो."

मला वाटलं फोन कट झाला. मी हॅलो म्हटलं तेव्हा तू म्हणालीस, "ऐकतेय."

नंतर जे सांगितलंस ते मला माहीत नव्हतं. विहीणबाईंनी लाडवांचा डबा वरच्या फळीवर नेऊन ठेवला. जावईबापू शौनकराव तुझ्यासमोर चहात साखर घालून घेत नाहीत, आत जाऊन घालतात. आठ वर्षांची ओवी तुझ्या ताटावर लक्ष ठेवते आणि कोणी काही वाढलं की आईला हाक मारते. तू म्हणालीस, "अडुसष्टाव्या वर्षी मी लेकीच्या घरात चोर आहे. शुद्धीवर आल्यापासून मी सांगतेय की मी खाल्लं नाही. शेवटी मलाच वाटायला लागलं, खाल्लं असेल. मला त्या दिवसांतलं धड आठवत नाही ना. तुम्ही सांगितलंत म्हणजे तसंच असणार, असं मी धरून चालले होते."

हे मी बरोबर लिहिलं आहे ना?

आणि मग तू म्हणालीस की ज्ञानदाला मी फोनवर सांगितलं, तेवढं पुरत नाही. ती घरात सगळ्यांना सांगते की बाटल्या खराब झाल्या होत्या. श्रीखंडाचं कोणी काढत नाही, आणि डबा अजून वरच आहे. "इथे या आणि सगळ्यांच्या देखत सांगा. मी सांगून कोणी ऐकलेलं नाही."

येतो. रविवारी शौनकरावांचा कुपवाडचा कारखाना बंद असतो, सगळे घरी असतील. सकाळच्या गाडीने निघेन.

सुमंत

रहिमतपूर
२ जून २०२५

चारू,

काल रात्री पोचलो. घर ठीक आहे.

मी बोलायला लागल्यावर तू उठून आतल्या खोलीत गेलीस, त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही. ज्ञानदा ते सांगणार नाही. म्हणून मी सांगतो.

मी कागदावर मुद्दे लिहून नेले होते. चष्मा लावला आणि पहिला मुद्दा वाचायला लागलो, तर शौनकराव म्हणाले, "बाबा, असूद्या ना, झालं गेलं." मी म्हटलं, नाही, चारूने सांगायला सांगितलं आहे. मग कागद खिशात ठेवला आणि बोललो. पाडव्याला तिने अर्धी वाटी खाल्ली. उरलेली मी खाल्ली. दोन वाट्या हे मी खोटं सांगितलं. औषध माझ्यामुळे गोठलं होतं, ते मला माहीत होतं आणि मी ते तिला घेऊ दिलं. एवढंच.

ओवीने विचारलं, "म्हणजे आजी खरं सांगत होती?" मी हो म्हणालो. तिने विचारलं, "मग तुम्ही का खोटं बोललात?" ज्ञानदा तिला गप्प करायला लागली. मी म्हटलं, "विचारू दे. मला रागावतील अशी भीती वाटली." ती म्हणाली, "मलापण वाटते," आणि माझ्याकडे बघत राहिली.

विहीणबाई उठल्या. त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढल्या, फळीवरचा डबा काढून ओट्यावर ठेवला, आणि पदराने त्यावरची धूळ पुसली. मग तुझ्या खोलीत गेल्या. दार लोटलेलं होतं. तुम्ही दोघी अर्धा तास काय बोललात ते मी विचारत नाही. ज्ञानदा माझ्यासमोर बसून होती. तिने मला पाणी आणून दिलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. ती अजून बोलत नाही. बोलेल तेव्हा बोलेल.

जेवताना पानं तू वाढलीस. मला पोळी वाढताना तुझा हात थांबला नाही, हे मी बघितलं. मनगट बारीक झालं आहे. इंजेक्शन तू स्वतःच घेतलंस, माझ्याकडे पाठ फिरवून. पूर्वी बाटली मी आणून द्यायचो. ज्ञानदाने दिली.

संध्याकाळी तू रिक्षाने स्टेशनपर्यंत येशील असं मला वाटलं नव्हतं. आपण बाकावर बसलो आणि गाडीला वेळ होता. मी विचारलं, "कधी येशील?" तू म्हणालीस, "ते मी आत्ता सांगत नाही. सांगेन असंही म्हणत नाही." मी म्हटलं ठीक आहे. तू म्हणालीस, "पण पत्र लिहा. सगळी ठेवलीत मी. पहिली दोन फार छान अक्षरात आहेत. तसली नकोत. तिसरं कसं सगळं खाडाखोड, ते वाचता आलं मला."

म्हणून हे खाडाखोड करत लिहितो आहे.

आज एक तारखेनंतरचं नेहमीचं काम करायला बसलो. गेल्या महिन्याचा घरखर्च बघितला. गॅस अजून निम्मा शिल्लक आहे. विजेचं बिल तीस वर्षांत एवढं कमी कधी आलं नव्हतं. दूध अर्धा लिटरसुद्धा संपत नाही. तुझ्या औषधांचा खर्च तर नाहीच. मी आयुष्यभर ज्या आकड्याच्या मागे होतो त्याच्याही खाली आलो आहे. चूक तर नाही ना म्हणून तीनदा बेरीज केली. बरोबर आहे.

तुझ्याशिवाय फार थोडक्यात भागतं, चारू. मला नको आहे ते.

सुमंत